चालत्या गाडीतला आवाज: पार्ट बदलण्याआधी तो कशाच्या मागे चालतो ते पाहा

एका वाचकाच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा. घर नागपूरला बेसाला, नोकरी बुटीबोरीला. गाडी पेट्रोलवरची, हाताच्या गिअरची, पुढची चाकं ओढणारी हॅचबॅक. सहा वर्षं जुनी, ६२ हजार किलोमीटर चाललेली. काटा ५०-५५ च्या वर गेला की खालून घूंऽऽ असा आवाज सुरू होतो आणि वेगासोबत चढत जातो. गॅरेजने आधी अलाइनमेंट-बॅलन्सिंग केलं, मग पुढचे ब्रेक पॅड बदलले, आणि आता चारही शॉकअप (चाकाचे धक्के शोषणारे दांडे) बदला म्हणून सांगताहेत. आवाज आहे तिथेच आहे. पत्रात शेवटी एक ओळ आहे: ‘बायको म्हणते उजवीकडे वळलं की वाढतो, मला तसं काही वाटत नाही.’

सगळ्या पत्रात कामाची ओळ हीच आहे. वहिनींचं ऐका. चालवणाऱ्याचं निम्मं लक्ष आरशात आणि उरलेलं समोरच्या ट्रकवर असतं. शिवाय रोज थोडा थोडा वाढणारा आवाज त्याच्या कानाला सवयीचा होऊन जातो. बाजूला बसणाऱ्याला दुसरं काम नसतं, त्यामुळे त्याला फरक आधी कळतो. गॅरेजमध्येही आम्ही एकाला चालवायला बसवतो आणि दुसऱ्याला फक्त ऐकायला.

शॉकअप आत्ता बदलू नका. शॉकअप खराब झाला तर गाडी डुलते, खड्ड्यात धाडकन आदळते, तेल गळून दांड्यावर ओली धूळ बसते. सरळ, सपाट रस्त्यावर वेगासोबत चढणारी घूं शॉकअप स्वतः करत नाही. तो आडवाटेने दोषी असू शकतो, त्याबद्दल खाली लिहितो. पण पहिला खर्च तिथे नको.

आमच्याकडे माणूस येतो तो असं म्हणत: ‘भाऊ, गाडी आवाज करून राहिली, पाहा बरं काय झालं ते.’ मग तोंडाने आवाज काढून दाखवतो. ऐकायला मजा येते, पण निदानाला त्याचा फारसा उपयोग नाही. तीच घूं झिजलेला टायर काढतो, चाक ज्या गोळ्यांवर फिरतं ते बेअरिंग काढतं आणि गिअरबॉक्सही काढतो. विचारायचं ते हे, की आवाज कशाच्या मागे चालतो? चाकाच्या वेगामागे, इंजिनाच्या फेऱ्यांमागे, रस्त्यामागे, स्टिअरिंगमागे की ब्रेकमागे? एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि ऐकायचं. त्याला अवजार लागत नाही, रिकामा रस्ता लागतो. तुमच्यासाठी जामठ्याच्या पुढचा वर्धा रोड रविवारी सकाळी उत्तम. रेडिओ बंद, एसी बंद, पंखा बंद, काचा आधी वर आणि मग खाली.

त्याआधी गाडी रिकामी करा. मी हे गमतीने सांगत नाही. सीटखालची स्टीलची बाटली, दाराच्या कप्प्यातली चिल्लर, डिकीत सुटा पडलेला जॅक, नीट न आवळलेली स्टेपनी, मागच्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल प्लास्टिकवर आपटणं: खडखडीच्या तक्रारींतल्या कितीतरी इथेच संपतात. सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरचे पट्टे आवळलेले आहेत का तेही पाहून घ्या. तुमची तक्रार घूंची आहे, म्हणून हे कारण नसणार. पण कानाला दुसरा आवाज नको.

आता पहिली चाचणी. रस्ता रिकामा पाहून ७० पर्यंत जा, आवाज नीट सुरू होऊ द्या आणि गिअर न्यूट्रलला टाका. इंजिन बंद करायचं नाही, कधीच नाही. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, स्टिअरिंग जड होतं आणि चावी फार मागे फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. फक्त न्यूट्रल. फेऱ्या खाली आल्या आणि आवाज तसाच राहिला, गाडी हळू होईल तसा उतरत गेला, तर इंजिनावरचा संशय गेला. मग राहतात टायर, चाकाची बेअरिंग, ब्रेक, एक्सल (गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणारा दांडा) आणि गिअरबॉक्सचा चाकांसोबत फिरणारा भाग. फेऱ्यांसोबत आवाजही पटकन पडला, तर चाकांना हात लावू नका, इंजिनाकडे बघा. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी चालत्या गाडीत न्यूट्रलचा खेळ करू नये. अॅक्सिलरेटरवरून पाय काढून फरक पडतो का तेवढं पाहावं.

तुमच्या वर्णनावरून आवाज न्यूट्रलमध्येही राहील असं मी धरून चालतो. मग भांडण मुख्यतः दोघांतलं: टायर आणि बेअरिंग. गॅरेजवाले इथेच चुकतात, कारण दोन्हींची घूं वेगासोबत चढते आणि दोन्ही खालूनच येते.

टायरचा आवाज रस्त्यावर अवलंबून असतो, बेअरिंगचा नसतो. नागपुरात आता सिमेंट रस्ते इतके झालेत की ही चाचणी करायला डांबर शोधावं लागतं. तुमच्या रोजच्या वाटेवर सिमेंट संपून डांबर सुरू होतं अशी एखादी जागा धरा आणि एकाच वेगाने तिच्यावरून जा. डांबर लागताच आवाजाचा पोत बदलला, दबला, तर टायरवर संशय. रस्ता बदलूनही घूं एका सुरात चालू राहिली, तर बेअरिंग.

सिमेंटच्या रस्त्याबद्दल एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. समृद्धी महामार्गावर पहिल्यांदा जाऊन आलेले लोक ‘गाडी धप-धप करते’ म्हणून येतात. काँक्रीटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर आडवे सांधे असतात. ताशी ६० ला गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला तीन-चार सांधे; १०० ला सहाच्या आसपास. हाच ठेका ऐकू येत असेल तर तो रस्त्याचा आहे, गाडीचा नाही. चाकाचा ठेका वेगळा असतो. छोट्या गाडीचं चाक एका फेरीत दोन मीटरच्या जरा आत जातं, म्हणून ६० ला ते सेकंदाला साडेआठ-नऊ वेळा फिरतं. इतकं मोजता येत नाही. पण १० च्या वेगाला ते सेकंदाला जेमतेम दीड फेरी घेतं. कॉलनीत गाडी रांगत चालवा: टिक… टिक… असा चाकाच्या फेरीबरोबर येणारा आवाज असेल, तर उतरून टायरच्या खाचा बघा. गिट्टीचा खडा निघेल, नाहीतर खिळा. खिळा असेल तर तिथेच उपटू नका, पंक्चरवाल्याकडे जाऊन काढा.

टायर हाताने तपासता येतो. गाडी उभी करून टायरच्या नक्षीवर तळवा आडवा ठेवा आणि चाकाच्या परिघावर आधी पुढे, मग मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं खरखरीत लागलं, तर नक्षीचे ठोकळे तिरपे झिजलेत. चढ-उतार, वाट्या पडल्यासारखं लागलं, तर टायर ठिकठिकाणी खाल्ला गेलाय. मागचे टायर आवर्जून तपासा. पुढची चाकं ओढणाऱ्या हॅचबॅकमध्ये मागचा भाग हलका असतो, आणि बरेच लोक टायरची अदलाबदल करतच नाहीत, त्यामुळे मागचे टायर असे खाल्ले जातात आणि आवाज डिकीतून आल्यासारखा वाटतो. हात भाजून घेऊ नका. मे महिन्यात दुपारी डांबरावरून आलेल्या टायरला हात लागत नाही, सकाळीच पाहा.

अलाइनमेंट करूनही आवाज का गेला नाही, त्याचं एक कारण इथेच असू शकतं. बिघडलेल्या अलाइनमेंटने टायर वाकडा झिजतो. अलाइनमेंट सुधारलं म्हणजे पुढची झीज थांबली, पण झालेली झीज टायरवर तशीच असते आणि ती ओरडतच राहते. ढिल्या शॉकअपचंही तसंच. चाक रस्त्यावर नीट टेकून न राहता उसळत राहतं, टायरवर वाट्या पडतात, आणि मग शॉकअप बदलला तरी त्या वाट्या घूं करतात. तुमच्या गॅरेजच्या डोक्यात हेच असेल, तर त्यांनी आधी टायर दाखवायला हवा होता.

खात्री करायची सोपी रीत म्हणजे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे. एकाच दिशेने फिरायचे टायर असतील तर बाजू बदलायची नाही, फक्त पुढे-मागे. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला परत जा. आवाजाने जागा किंवा सूर बदलला, तर टायर. काहीच फरक नाही, तर बेअरिंग. एवढ्या चाचणीला कुठलाही टायरवाला फारसे पैसे घेत नाही, आणि अदलाबदल तशीही दर १० हजार किलोमीटरच्या आसपास करायचीच असते.

आता वहिनींच्या निरीक्षणाकडे. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर येतं. खराब बेअरिंगवर वजन आलं की ते जास्त ओरडतं, वजन उतरलं की गप्प होतं. म्हणून उजव्या वळणावर आवाज वाढत असेल तर संशय डाव्या बाजूवर, डाव्या वळणावर वाढत असेल तर उजव्या बाजूवर. बहुतेक वेळा हे बरोबर ठरतं, पण यावर डोळे मिटून बेअरिंग मागवू नका. आजच्या हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात, बेअरिंगच्या गोळ्यांच्या दोन रांगा असतात, आणि कुठली रांग खाल्ली गेली त्यावर क्वचित उलटंही होतं. चाचणी रिंग रोडसारख्या मोठ्या, लांब वळणावर करा. सरळ रस्त्यावर नागमोडी गाडी चालवून दाखवायची गरज नाही, मागून येणाऱ्याला तुमचा प्रयोग माहीत नसतो.

बाजू आणखी पक्की करायची तर भिंत वापरा. सिव्हिल लाइन्समध्ये बंगल्यांच्या लांबच लांब कंपाउंड भिंती आहेत. डावी काच खाली करून भिंतीला समांतर जा, मग परतताना भिंत उजवीकडे घ्या. ज्या बाजूचा दोष, त्या बाजूला आवाज भिंतीवर आपटून मोठा परत येतो. मात्र बेअरिंगची घूं ५० च्या वर निघते आणि त्या रस्त्यांवर तेवढा वेग घ्यायचा नसतो, म्हणून भिंतीची युक्ती खरखर, टकटक, घासण्याच्या आवाजांना जास्त कामाची. घूंसाठी उड्डाणपुलाचा कठडाही तेच काम करतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की फोनचा माइक खालचे, घुमणारे सूर नीट पकडत नाही. टकटक पाठवा, घूं घेऊन या.

शेवटची खात्री जॅकवर होते. सपाट जागा, उरलेल्या चाकांना पुढे-मागे विटा किंवा लाकडी गुटके. पुढचं चाक उचलताना हँडब्रेक ओढलेला आणि गिअर न्यूट्रल, म्हणजे ते मोकळं फिरेल; मागचं उचलताना हँडब्रेक सोडलेला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालायचा नाही. चाक वर आणि खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे धरून हलवा. वर-खाली खेळ, म्हणजे ढिलेपणा, लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा). फक्त डावी-उजवीकडे लागला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा). मग एका माणसाने चाक जोरात फिरवावं आणि दुसऱ्याने सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटं टेकवावीत, फिरत्या चाकापासून बाही लांब ठेवून. चांगलं बेअरिंग असेल तर बोटांना काही कळत नाही. खराब असेल तर वाळू भरडल्यासारखी गरगर थेट बोटांत येते, कानाला ऐकू आली नाही तरी. पुढच्या चाकाला थोडी सुर्र-सुर्र येईल. ती पॅड डिस्कला हलके घासत असल्याची, तिला घाबरू नका. डाव्या आणि उजव्या चाकाची तुलना करा, फरक हातालाच समजतो.

बेअरिंगला खेळ लागला नाही म्हणून ते चांगलं, असं समजू नका. आवाज आधी येतो, खेळ नंतर. तुमच्या गॅरेजने चाक हलवून पाहिलं असेल, खेळ नाही म्हणून पुढे गेले असतील.

६२ हजारांत बेअरिंग का जावं? खड्डा, फुटपाथच्या कडेला मारलेली धडक आणि पाणी. यांतलं पाणी लोक विसरतात. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि काठच्या वस्त्यांमध्ये गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, तेव्हा सगळ्यांनी इंजिन, वायरिंग आणि सीटा वाळवल्या. हब कोणी उघडून पाहिले नाहीत. सीलमधून आत गेलेलं पाणी ग्रीस खराब करतं, गोळ्यांच्या वाटेवर गंजाचे ठिपके पडतात, आणि घूं सुरू होते काही महिन्यांनी, जेव्हा पुराची आठवण कोणाला राहिलेली नसते. पुरात बुडणं लांबच. पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या पुलाखालून हबपर्यंत पाण्यात गाडी घातली असेल, तरी ते आठवून मेकॅनिकला सांगा.

बेअरिंग बदलायचं ठरलं, तर दोन गोष्टी समोर उभं राहून बघा. ते प्रेसवर, म्हणजे दाब देणाऱ्या यंत्रावर, बसवलं जातंय ना? हातोडीने ठोकून बसवलेल्या नव्या बेअरिंगच्या वाटेवर गोळ्यांचे ठसे उमटतात आणि थोड्याच दिवसांत तीच घूं परत येते. दुसरं, एबीएस (ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे नसेल तर चाक फिरेल छान, पण डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागेल. एक्सलचा नट नवा घालून कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरालाच, आवळायचा, अंदाजाने नाही. आणि ज्या बाजूचं गेलंय तेवढंच बदला. दोन्हीकडचं एकदम बदलायला सांगणाऱ्याला दुसऱ्या बाजूचं खराब असल्याचं स्प्रिंगवर बोट ठेवून दाखवायला सांगा.

तुमचं उत्तर एवढंच. पण असे प्रश्न पाठवणारे पुष्कळ आहेत, म्हणून बाकीचे आवाज भराभर सांगतो.

स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना टक-टक-टक: एक्सलचा बाहेरचा जॉइंट. चाकाच्या आतल्या बाजूला बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. बूट नुकताच फाटला असेल आणि आवाज नसेल, तर नुसता बूट-ग्रीस बदलून जॉइंट वाचतो.

छोट्या खाचखळग्यांवर, पेव्हर ब्लॉकवर खट-खट, पण रुंद गतिरोधकावरून दोन्ही चाकं एकदम नेली की शांत: लिंक रॉड, म्हणजे स्टॅबिलायझर बारला (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, गाडीचा कल आवरणारी सळई) सस्पेन्शनशी जोडणारा छोटा दांडा. दोन्ही चाकं सारखी उचलली गेली तर स्टॅबिलायझर बारला पीळ पडत नाही, म्हणून लिंक गप्प राहते. एकच चाक खड्ड्यात गेलं की बोलते. गतिरोधकावरही कर्र-कर्र येत असेल तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या हाताचे) रबरी बुश बघा. नागपूरच्या उन्हाने रबर वाळतं, आणि सकाळी येणारा आवाज दुपारी गायब झाला किंवा उलट झालं, तर रबर-प्लास्टिककडे आधी बघावं.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगचा टण्ण: शॉकअपवरचं माउंट किंवा त्यातलं बेअरिंग.

गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. आवाज येतोय आणि क्लच दाबला की जातो: गिअरबॉक्समधलं बेअरिंग. क्लच दाबला की सुरू होतो: क्लचचं रिलीज बेअरिंग. इतकी स्वस्त आणि स्पष्ट चाचणी गाडीत दुसरी नाही.

ठरावीक फेऱ्यांवरच झर्रर्र आणि पुढे गेलं की बंद: सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा. गाडी थंड असताना हाताने ठोकून बघा, लगेच कबूल होतो. पंख्याचा वेग वाढवला की टरर्र वाढते: ब्लोअरमध्ये पान अडकलंय. कडुनिंबाखाली गाडी लावणाऱ्यांना पानगळीच्या दिवसांत हे हमखास होतं. ७०-८० ला खालून फडफड: पाण्यातून गेल्यावर सुटलेलं इंजिनाखालचं प्लास्टिक. वेगात शिट्टी: दाराच्या फटीवर एकेक करून कागदी चिकटपट्टी लावून बघा, जिथे लावल्यावर थांबेल तिथलं रबर.

पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना खरखरली तर तो डिस्कवरचा गंज आहे, जातो. डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात गिट्टी अडकली तर कानठळ्या बसवणारी करकर येते. गाडी थोडी मागे घेतली की बऱ्याचदा खडा पडतो. पण ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल तर पॅडचं अस्तर संपलंय, घरी नेऊन उद्या बघू असं करू नये. ऑइलचा दिवा आणि इंजिनात ठोके एकदम आले तर बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करायचं आणि टोइंगवाल्याला बोलवायचं. टायरवाल्याकडून निघाल्यावर काही वेळातच चाकाकडून खडखड आणि स्टिअरिंगला थरथर सुरू झाली तर पुढच्या चौकापर्यंतही गाडी नेऊ नका, लगेच बाजूला उभी करा. चाकाचे नट ढिले असतात. जॅकसोबतच्या पान्याने समोरासमोरचे नट आलटून-पालटून आवळा, आणि चाक काढलेल्या कुठल्याही कामानंतर ५०-१०० किलोमीटरवर नट एकदा टॉर्क पान्याने तपासून घ्या. तुमचे टायर पुढे-मागे केल्यावरसुद्धा.